गोव्याहून गेलेले बायबल आणि मोगल चित्रपोथी : ‘प्रभाव’ ह्या संज्ञेची एक तपासणी

मोगल चित्रकलेवरील युरोपीय प्रभाव हा विषय आपल्याकडील कलेतिहासाच्या पुस्तकांत बहुधा दोन-तीन परिच्छेदांत उरकला जातो. अकबराच्या दरबारी जेझुइट पाद्री आले, त्यांनी चित्रे आणली, त्यांवरून दरबारी चित्रकारांनी छायाप्रकाश आणि यथादर्शन शिकून घेतले, असा त्याचा ठराविक सारांश असतो. ह्यांतील एकही विधान खोटे नाही. तथापि भाषेच्या अभ्यासकाला ह्या सारांशातील ‘प्रभाव’ हा शब्द खटकल्यावाचून राहत नाही. ‘अमक्याचा तमक्यावर प्रभाव पडला’ ह्या वाक्याची रचनाच अशी आहे की, त्यात जे काही करावयाचे ते प्रभावच करतो. ज्याच्यावर तो पडतो त्याच्या वाट्याला ‘वर’ हे एक शब्दयोगी अव्यय तेवढे येते. चित्रकाराने काय पाहिले, त्यातील काय उचलले, काय जागच्या जागी सोडून दिले आणि उचललेल्याचे पुढे काय केले, हे सर्व प्रश्न ह्या वाक्यरचनेत गिळले जातात.

भाषाविज्ञानाने हा प्रश्न आपल्यापुरता पुष्कळ अंशी सोडविलेला आहे. पोर्तुगीजांच्या संसर्गाने मराठीत बटाटा, चावी, बादली, पगार, नाताळ असे कितीतरी शब्द आले. पण आपण ‘बटाट्याची भाजी’ म्हणतो आणि ‘चाव्यांचा जुडगा’ म्हणतो. म्हणजे शब्द परका, परंतु त्याचे सामान्यरूप, त्याचे लिंग, त्याचे अनेकवचन मराठीच्या आज्ञेत. शब्द आला, रूपव्यवस्था आली नाही. उसनवारीत घेणारी भाषा स्वस्थ बसलेली नसते. आमच्या विद्यार्थ्यांना ह्याचे अधिक जुने उदाहरण पाहावयाचे असेल तर त्यांनी पांडवलेण्यांतील सतराव्या लेण्यापर्यंत चढून जावे. ते लेणे खोदविणारा दाता उत्तरेकडील दात्तामित्री नगराचा ‘योनक’, म्हणजे यवन, आहे. पण त्याचे स्वतःचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे नाव धर्मदेव, लेखाची भाषा प्राकृत आणि दान बौद्ध संघाला. येथे प्रभाव कोणाचा कोणावर पडला, हे ‘प्रभाव’ ह्या शब्दाच्या साहाय्याने सांगून दाखवावे.

हीच कसोटी बायबलच्या चित्रांना लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मध्ययुगीन युरोपात मठांमधून बायबलची जी सुवर्णमंडित हस्तलिखिते तयार झाली, त्यांचा वारसा आपल्या देशात पोहोचला तो एका विलक्षण उलट क्रमाने. अकबराकडे आलेले बायबल छापील होते. आणि येथे आल्यावर त्याची पुन्हा पोथी झाली, तीही सोन्यारंगांनी सजविलेली. ह्या प्रवासाचा आरंभ गोव्यात झाला, ही गोष्ट मराठी वाचकाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इ.स. १५७५ मध्ये अकबराने हाजी हबीबुल्ला ह्यास गोव्यास धाडले होते. दोन वर्षांनी तो परतला, तेव्हा त्याच्याबरोबर युरोपीय वस्तू आणि एक ऑर्गन वाद्यही होते. पुढे इ.स. १५७९ च्या सप्टेंबरात बादशहाचा वकील पत्र घेऊन गोव्यास आला : धर्मशास्त्रे जाणणारे पाद्री पाठवावेत, ग्रंथ पाठवावेत. त्याप्रमाणे १७ नोव्हेंबर १५७९ रोजी रुदोल्फ आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेराते आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे तिघे गोव्याहून निघाले व १५८० च्या फेब्रुवारी-अखेरीस फतेपूर सिक्रीस पोहोचले. ३ मार्च रोजी त्यांनी बादशहाला जे बायबल नजर केले, ते अँटवर्पच्या ख्रिस्तोफ प्लांतँ ह्याच्या छापखान्यातून १५६८ ते १५७२ ह्या काळात निघालेले बहुभाषी ‘राजबायबल’ होय. स्पेनचा राजा दुसरा फिलिप ह्याचा त्यास आश्रय होता आणि बेनितो आरियास मोंतानो हा त्याचा संपादक. आठ खंड, आणि भाषा पाच : हिब्रू, अरमाईक, ग्रीक, लॅटिन व सिरियाक. बादशहाने खंड आदराने मस्तकी लावले, त्यांचे चुंबन घेतले आणि शुभवर्तमान ह्यांतील कोणत्या खंडात आहे अशी पृच्छा केली.

ही पृच्छा मला फार अर्थपूर्ण वाटते. पाच भाषांतील तो ग्रंथ त्या दरबारात कोणालाही वाचता येण्यासारखा नव्हता. तेव्हा त्यातील जे वाचता येण्यासारखे होते तेच वाचले गेले, आणि ते म्हणजे मुखचित्रे. पहिल्या खंडाच्या मुखचित्रात एक भव्य कमानदार द्वार आहे आणि त्याच्या आत सिंह, बैल, लांडगा व कोकरू एका गव्हाणीशी शांतपणे उभे आहेत. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील भावी शांतियुगाचे हे दृश्य. चार प्राणी एका गव्हाणीवर, ही कल्पना अनेक भाषा एका ग्रंथात नांदविणाऱ्या संपादकाला स्वतःच्या उद्योगाचे रूपकही वाटली असावी, असे म्हणावयास जागा आहे. दुसऱ्या एका चित्रात राजाच्या धर्मनिष्ठेची स्त्रीरूप मूर्ती आहे. ह्या ग्रंथाबरोबर रोममधील सांता मारिया माज्जोरे येथील मरियेच्या प्रसिद्ध चित्राची प्रतिकृतीही पाद्र्यांनी नेली होती.

आता चित्रकारांकडे वळू. अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त ज्यांची नावे नोंदविली त्या चित्रकारांत दसवंत, बसावन, केसू, लाल, मुकुंद, मिस्कीन ही मंडळी आहेत. त्यांत हिंदूंचा भरणा मोठा आहे आणि दसवंत तर पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. इराणी कलम आणि देशी कलम ह्यांच्या मिश्रणातून त्यांची लिपी आधीच घडलेली होती. ह्यांच्यापुढे जेव्हा युरोपातील छापचित्रे आली, तेव्हा प्रथम त्यांनी केल्या त्या नकला. बसावनने राजबायबलातील धर्मनिष्ठेच्या मूर्तीवरून आकृती काढली. केसू दासाने संत जेरोमचे चित्र काढले. त्याचे मूळ मारिओ कार्तारोच्या छापचित्रात आणि त्याचेही मूळ मिकेलअँजेलोने रंगविलेल्या नोहात आहे. म्हणजे रोमच्या भिंतीवरील नोहा छापखान्यात जाऊन जेरोम झाला आणि तेथून केसूच्या कलमाखाली आला. (जेरोम हा बायबलचा लॅटिन भाषांतरकार. भाषांतरकाराच्याच नशिबी असे रूपांतर यावे, ह्यात काही औचित्य आहे खरे.) इ.स. १६००-०१ मध्ये तेरा वर्षांच्या अबुल हसनने अल्ब्रेक्ट ड्यूररच्या १५११ च्या क्रूसारोहणाच्या चित्रावरून संत योहानाची आकृती उतरविली. ते चित्र आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. क्रूस नाही, ख्रिस्त नाही, मरिया नाही; शोकाने हात गुंफून उभा असलेला एकटा योहान. एका वाक्यातून एकच शब्द उचलावा, तसा तो उचललेला आहे.

नक्कल म्हटली की आपण तिला हलके लेखतो. ते बरोबर नाही. ताम्रपटावर कोरून छापलेल्या चित्रात रंग नसतो. रेघांच्या जाळ्याने सूचित केलेली छाया कुंचल्याच्या भाषेत कशी बोलावी, वस्त्राच्या घडीला कोणता रंग द्यावा, हे चित्रकाराचे त्यालाच ठरवावे लागले. तरीही नक्कल ही नक्कलच. आणि तिचे कारण माझ्या मते कलेत शोधण्यापेक्षा भाषेत शोधावे. चित्राचा मजकूर ज्याला अगम्य आहे, तो चित्र फार बदलू धजत नाही. अपरिचित लिपीतील अक्षर गिरविणारा जसा वळणे जपून काढतो, तसेच हे आहे.

ह्याचा पडताळा आपल्याला ‘मिरात-उल-कुद्स’ ह्या पोथीत मिळतो. जेरोनिमो झेवियर हा संत फ्रान्सिस झेवियरच्या घराण्यातील जेझुइट १५८१ मध्ये गोव्यास आला आणि तिसऱ्या मंडळाचा प्रमुख म्हणून १५९४ च्या डिसेंबरात गोव्याहून निघून १५९५ मध्ये लाहोरला पोहोचला. तेथे त्याने नेटाने फारसीचा अभ्यास केला. अकबराच्या इच्छेवरून त्याने लिहिलेले ख्रिस्तचरित्र १६०२ मध्ये बादशहास सादर झाले, तेच हे ‘पावित्र्याचा आरसा’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक. फारसी घडविण्याच्या कामी त्याला अब्दुस सत्तार इब्न कासीम लाहोरी ह्या विद्वानाचे साहाय्य होते, आणि ह्या अब्दुस सत्तारनेही उलट लॅटिनचे अध्ययन केले. दोन विद्वान परस्परांची भाषा शिकून एकच ग्रंथ सिद्ध करीत आहेत, हे दृश्य आमच्या शास्त्राच्या इतिहासात दुर्मीळ आहे. ग्रंथाचे चार भाग आहेत : बालपण, चमत्कार व उपदेश, दुःखभोग व मृत्यू, पुनरुत्थान व स्वर्गारोहण. प्रस्तावनेत एडेसाचा राजा अबगार ह्याची कथा येते. ख्रिस्ताचे दर्शन घेण्याची त्याला उत्कंठा होती, आणि त्याला ख्रिस्ताची जी प्रतिमा मिळाली ती चित्रकाराच्या हातची नव्हे, तर वस्त्रावर उमटलेली. चित्रांचा शौकी असलेल्या बादशहाच्या हाती द्यावयाच्या पुस्तकात लेखकाने ही कथा अग्रभागी घालावी, ह्यात त्याचे चातुर्य दिसते.

ह्या ग्रंथाची एक सचित्र प्रत शाहजादा सलीमच्या अलाहाबाद येथील चित्रशाळेत १६०२ ते १६०४ च्या सुमारास तयार झाली असे मानतात. २००५ पासून ती अमेरिकेतील क्लीव्हलँड कलासंग्रहालयात असून तीत २७ चित्रे आहेत. पेद्रो मोउरा कार्व्हाल्यो ह्यांनी २०१२ मध्ये तिचा साक्षेपी अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातून पुढे आलेली गोष्ट रूढ समजुतीला धक्का देणारी आहे : ह्या चित्रांतील बहुतेकांना युरोपीय मूळ चित्र सापडत नाही. पाद्र्यांनी आणलेली छापचित्रे दरबारात वीस वर्षे फिरत होती, ती पाहावयास मिळत होती, तरीही चित्रकारांनी ती बाजूस ठेवली आणि प्रसंग स्वतः रचले. का रचले? कारण आता त्यांच्यापुढे फारसी मजकूर होता. तो त्यांना वाचता येत होता किंवा कोणी वाचून दाखवू शकत होता. ‘हम्जानामा’ आणि महाभारताचे फारसी रूप असलेला ‘रज्मनामा’ ज्या रीतीने चित्रित झाले, त्याच रीतीने हे चरित्रही चित्रित झाले. कथा कळली, तेव्हा नकलेची गरज संपली.

युरोपीय चित्रे हाताशी असूनही चित्रकार त्यांपासून दूर गेले, आणि ते दूर गेले भाषांतरामुळे. ‘युरोपीय प्रभाव वाढत गेला’ असे जे सरळ रेषेचे चित्र आपली पुस्तके रंगवितात, त्यात ही पोथी बसत नाही. ह्या ग्रंथाच्या फारसीवर युरोपात काय प्रतिक्रिया झाली तेही येथे नोंदवण्याजोगे आहे. १६३९ मध्ये लायडन येथे लोडेविक द द्यू ह्या प्रॉटेस्टंट पंडिताने मूळ फारसी आणि लॅटिन भाषांतर छापले ते मुख्यतः झेवियरने शुभवर्तमान भ्रष्ट केले असा आरोप ठेवण्यासाठी. ग्रंथ परक्या भाषेत रुजला म्हणजे घरच्या मंडळींना तो परका वाटू लागतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा अनुभव नवा नाही.

उसनवार शब्दाच्या आयुष्यातील आणखी एक अवस्था आपण ओळखतो, ती अर्थांतराची. राजबायबलातील सिंह आणि कोकरू ह्यांच्या बाबतीत ती अवस्था जहांगिराच्या काळी आली. एबा कोख ह्यांनी १९८२ मध्ये ह्या चित्रांवरील लेखात मोगल बादशहांच्या रूपकचित्रांतील वैर विसरलेल्या पशूंचा संबंध राजबायबलाच्या मुखचित्राशी जोडून दाखविला आहे. तो संबंध मला मान्य आहे. फक्त त्यात एक पुस्ती जोडावीशी वाटते. न्यायी राजाच्या राज्यात वाघ आणि शेळी एका घाटावर पाणी पितात, ही कल्पना आपल्याकडे गावोगावच्या बोलण्यात आहे. सुलेमान बादशहाच्या कथांत ती इराणकडून आलेली आहे. आणि ऋषींच्या आश्रमात पशू सहजवैर सोडतात हे संस्कृत काव्याचे ठरलेले वर्णन आहे. घेणाऱ्या भाषेत जेथे खाच आधीच तयार असते, तेथे परका शब्द चटकन बसतो. गव्हाणीवरील चार प्राण्यांना येथे अशी खाच मिळाली.

पण बसल्यावर त्याचा अर्थ काय झाला? यशयाच्या दृश्यात राजा नाही. ती शांती ईश्वराची. जहांगिराच्या चित्रात ती शांती बादशहाची झाली. वॉशिंग्टनच्या फ्रिअर संग्रहातील अबुल हसनच्या चित्रात (सुमारे १६१८) जहांगीर इराणच्या शाह अब्बासला आलिंगन देतो. दोघे पृथ्वीगोलावर उभे आहेत. जहांगिराच्या पायाखाली सिंह, अब्बासच्या पायाखाली कोकरू. आणि तो सिंह असा ऐसपैस पसरला आहे की कोकरू भूमध्य समुद्राकडे ढकलले गेले आहे. प्रत्यक्षात ह्या दोन राजांची भेट कधीच झाली नाही, आणि १६२२ मध्ये अब्बासने कंदाहार घेतले ते घेतलेच.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहातील, १६१६ च्या सुमाराचे, त्याच चित्रकाराचे चित्र. त्यात भाल्यावर खोचलेले मलिक अंबरचे मुंडके आहे, त्याजवळ अपशकुनी घुबड आहे आणि जहांगीर त्या मुंडक्यावर बाण सोडीत आहे. बादशहा उभा आहे तो पृथ्वीच्या गोलावर. गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशावर. ही इस्लामी विश्वकल्पना. आकाशात युरोपीय वळणाची पंख असलेली बालके. आणि त्या गोलावर ते पशू, वैर विसरून. ज्या निजामशाहीच्या मुलखात तेव्हा आपला नाशिक-त्र्यंबकचा भाग मोडत असे, तिच्या कारभाऱ्याच्या शिरच्छेदाचे स्वप्न आणि यशयाचे शांतियुग एकाच कागदावर आले आहे. मलिक अंबर जहांगिराच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये तो आपल्या मरणाने मेला. चित्राची कारागिरी अप्रतिम आहे, ह्यात वाद नाही. परंतु तीत ‘बायबलचा प्रभाव’ आहे असे लिहिणाऱ्याने कोणत्या अर्थाने लिहिले हे सांगितले पाहिजे. शब्द बायबलचा, वाक्य जहांगिराचे.

येथवर जे पाहिले त्यात घेणाऱ्याच्या हाती सत्ता होती. फतेपुरात पाद्री पाहुणे होते. त्यांनी दाखवावे आणि बादशहाने आपल्याला हवे ते घ्यावे. ज्या गोव्याहून ते निघाले तेथे परिस्थिती अगदी उलट होती, आणि ह्या विषयावरील लेखनात ती क्वचितच शेजारी ठेवली जाते. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. ज्या आक्वाविवाने अकबरापुढे ते सचित्र बायबल उघडले, तो १५८३ मध्ये गोव्यास परतला आणि त्याच वर्षी २५ जुलै रोजी साष्टीतील कुंकळ्ळी येथे अन्य चार जेझुइटांसह गावकऱ्यांकडून मारला गेला. पुढे पोर्तुगीजांनी असोळण्याच्या किल्ल्यात गावच्या प्रमुखांना ठार केले. एकाच माणसाच्या आयुष्यात, तीन-साडेतीन वर्षांच्या अंतराने, एका ठिकाणी प्रतिमा संवादाचे साधन झाली आणि दुसऱ्या ठिकाणी प्रतिमाभंगामागून आलेल्या सूडचक्रात तो स्वतः सापडला. ‘प्रभाव’ हा शब्द दोन्ही ठिकाणी सारखाच वापरता येतो, ही त्या शब्दाची अडचण आहे.

ह्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स राहिला. तो गोव्यास उतरला २४ ऑक्टोबर १५७९ रोजी. म्हणजे राजबायबल गोव्याहून निघण्यापूर्वी अवघे चोवीस दिवस. १५८३ मध्ये आपल्या भावाला धाडलेल्या पत्रात इकडील भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे त्याने नमूद केले होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. पाठ्यपुस्तकांनी त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या इतक्या वापरल्या आहेत की, मूळ कथनाकडे वळण्यास वाचकाला फुरसत उरत नाही. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे ते ग्रंथाच्या आरंभाकडे. आरंभीचे नमन ज्ञानेश्वरीच्या परंपरेतील आहे आणि त्या साच्यात गणेशाच्या जागी त्रैक्य आले आहे. स्वर्गाला वैकुंठ हा शब्द चालतो. पहिल्याच अध्यायात नवख्रिस्ती श्रोत्यांच्या वतीने तक्रार येते की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग दुसरी का देत नाही? ग्रंथाचे प्रयोजन त्या तक्रारीत आहे. मागणी खरी आणि ती निर्माण झाली बंदीतून. स्टीफन्सच्या ओवीचे सौंदर्य मान्य करताना हे विसरणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आणि हे आठवताना ती ओवी केवळ धर्मप्रसाराचे हत्यार होती असे म्हणणेही अडाणीपणाचे ठरेल. कारण येथे सत्ता देणाऱ्याकडे असूनही व्याकरण घेणाऱ्याचेच टिकले. ओवी मराठी, श्रवणाची रीत मराठी, उपमा-दृष्टांतांची वीण मराठी. चित्र तर ह्यात नाहीच. जेथे कथा श्रोत्याच्या भाषेत आणि त्याच्या छंदात उतरली, तेथे डोळ्यांपुढे प्रसंग उभा करण्याचे काम ओवीनेच केले.

ग्रंथाची छपाई रोमन लिपीत झाली. मराठी अक्षरांचे ठसे करून घेण्याची परवानगी स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमकडे मागितली होती. ते काम झाले नाही. परंतु हस्तलिखितांची परंपरा छापखान्याच्या आज्ञेत नव्हती. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी प्रतीकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जस्टिन अ‍ॅबट ह्यांनी लक्ष वेधले आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. म्हणजे अलाहाबादेस जे झाले तेच थोड्याफार फरकाने येथेही झाले : छापील ग्रंथातून पोथी निघाली, आणि ती घेणाऱ्याच्या लिपीत.

क्लीव्हलँडची पोथी आणि मार्सडेन प्रत ह्यांची प्रसंगवार तुलना अजून व्हावयाची आहे. मरियेला देवदूताचा निरोप, मागी लोकांचे आगमन, समुद्रावरून चालणे, असे चार-पाच प्रसंग घेऊन फारसी गद्य, त्याखालचे चित्र आणि मराठी ओव्या समोरासमोर ठेवल्या, तर कोणता तपशील तिघांत समान राहतो आणि कोणता प्रत्येक ठिकाणी बदलतो हे हाती येईल. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हे काम घ्यावे. मराठीच्या बाजूची साधने जवळ आहेत. फारसी मात्र शिकावी लागेल.